कॉर्टिसोल म्हणजे काय? ताणाचं बटण शरीर स्वतःच कसं बंद करतं

खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज येतो, तुम्ही तर काहीच घेतलेलं नसतं. छातीत धडधड सुरू! ही पहिली धडधड ॲड्रेनालिनची, ती काही सेकंदांत येते. तिच्या मागून काही मिनिटांनी कॉर्टिसोल वाढतं. ते स्टेरॉइड हार्मोन आहे.

त्याची साखळी अशी. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच सोडतो, त्यामुळे त्याच्याखालची पिट्युटरी ग्रंथी रक्तात एसीटीएच सोडते. मग मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात. रक्तातली साखर वाढते, रक्तदाब टिकतो, सूज आटोक्यात राहते. रील्समध्ये काहीही सांगोत, कॉर्टिसोल व्हिलन नाही. त्याच्याशिवाय आपण जगूच शकत नाही.

खरी गंमत पुढे आहे. हेच कॉर्टिसोल रक्तातून मेंदूत पोचतं आणि हायपोथॅलॅमस, पिट्युटरी दोघांनाही ‘आता पुरे’ म्हणून सांगतं. पाणी तापलं की गिझर आपोआप बंद होतो ना, तसंच. स्टेरॉइड चरबीत विरघळतं, त्यामुळे ते पेशीत सहज शिरतं, तिथल्या रिसेप्टरला चिकटतं आणि जीन्सचं काम कमीजास्त करतं.

आता इथेच गडबड होऊ शकते. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही औषधं त्याच रिसेप्टरला चिकटतात. स्टेरॉइड गोळीतून आलं की ॲड्रिनलमधून, हे मेंदूला कळत नाही. तीन-चार आठवड्यांहून जास्त गोळ्या चालल्या तर एसीटीएच घटतं आणि ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. अशात गोळी एकदम बंद केली तर प्रचंड थकवा, उलट्या, चक्कर येते. त्यातच ताप, अपघात किंवा ऑपरेशन आलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. ‘बरं वाटतंय, बंद करू’ हा निर्णय स्वतःचा स्वतः घेऊ नका.

गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या काही क्रीम्समध्येही क्लोबेटासोलसारखं तगडं स्टेरॉइड असतं. ते भरपूर आणि बरेच दिवस लावलं तर रक्तात उतरून हेच करू शकतं. (जिममधली स्टेरॉइड्स वेगळी, ती टेस्टोस्टेरॉनच्या घराण्यातली.)

कॉर्टिसोल सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असतं. म्हणून रक्ताची तपासणी बहुतेक वेळा सकाळी 8 च्या सुमारास होते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, कारण त्यांच्यामुळे रिपोर्टमधला आकडा उगाचच मोठा दिसतो.