मोटारसायकलच्या इंजिन ऑइलची मानके आणि क्लच : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
धाराशिव (2023 पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील वाशी हा रेल्वेमार्ग नसलेला, शेतीप्रधान तालुका आहे. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग पारगाववरून जात असला तरी वाडी-वस्तीवरून तेथपर्यंत पोहोचण्याचे प्रमुख साधन मोटारसायकल हेच होय. अशा भागात चढावर क्लच घसरू लागला की दुधाची वेळ चुकते. या बिघाडामागील एक कारण ऑइलच्या डब्यावरील अक्षरांत दडलेले असते आणि त्या अक्षरांना स्वतंत्र इतिहास आहे.

दोन ऑइलांकडून एका ऑइलकडे :
राजदूत, एम-80 यांसारख्या टू-स्ट्रोक वाहनांत इंजिनाचे ऑइल पेट्रोलबरोबर जळून जात असे, तर गिअरबॉक्स व क्लच यांना वेगळे ऑइल असे. 1985 मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी 100 या फोर-स्ट्रोक गाडीपासून ही विभागणी मोडू लागली. इंजिन, गिअर आणि क्लच प्लेट्स या तिन्ही एकाच ऑइलमध्ये काम करू लागल्या. येथे एक अंतर्विरोध निर्माण झाला. इंजिनाला घर्षण कमी हवे असते. क्लच मात्र घर्षणावरच चालतो.

कारची गरज, मोटारसायकलची अडचण :
1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने 1975 मध्ये कारच्या इंधनबचतीचा कायदा केला. पुढे ऑइल पातळ होत गेले व त्यात मॉलिब्डेनमसारखी घर्षण घटविणारी द्रव्ये मिसळली जाऊ लागली. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची (एपीआय) एसजी, एसएच, एसजे ही श्रेणी पेट्रोल कारच्या इंजिनासाठी असून तीत क्लचची कसोटीच नाही. परिणामी इंधनबचतीचे ऑइल मोटारसायकलमध्ये घातल्यास इंजिन गुरगुरते, पण गाडी ओढत नाही. ही उणीव जपानच्या 'जासो' या मानक संस्थेने 1998 मध्ये टी 903 या मानकाद्वारे भरून काढली. त्यात क्लचला पुरेसे घर्षण देणारे ऑइल 'एमए' व कमी घर्षणाचे 'एमबी' ठरले. 2006 मध्ये 'एमए'चे एमए1 व एमए2 असे उपविभाग झाले. त्यांपैकी एमए2 मध्ये घर्षण अधिक.

'पुढचे अक्षर म्हणजे चांगले ऑइल' हा समज कारपुरता बराचसा खरा आहे, मोटारसायकलसाठी अपुरा आहे. 20डब्ल्यू-40 हा आकडाही केवळ दाटपणा सांगतो, क्लचविषयी काहीच नाही. भारतात दीर्घकाळ दाट ऑइल वापरात होते आणि घर्षण घटविणारी द्रव्ये प्रामुख्याने पातळ ऑइलमध्ये असत. त्यामुळे हा प्रश्न येथे उशिरा जाणवला असावा. 10डब्ल्यू-30 सारखी पातळ ऑइले रूढ झाल्यावर मात्र 'एमए' ही दोन अक्षरे पाहणे आवश्यक ठरले.

गिअर नसलेल्या स्कूटरची गोष्ट निराळी. तिचा क्लच ऑइलबाहेर, कोरडा असतो. म्हणून तिला 'एमबी' चालते. एकाच अंगणात स्कूटर व मोटारसायकल उभी असेल, तर स्कूटरचा उरलेला डबा मोटारसायकलमध्ये ओतता येत नाही.