धमनीतली हवा

शंख किंवा भाता फुंकण्यासाठी संस्कृतात ‘ध्मा’ हा धातू आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात शंखनादाच्या वेळी येणारं ‘दध्मौ’ हे रूप त्याचंच, आणि ‘धमनी’ही त्याच कुळातली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, 30व्या अध्यायात, ही व्युत्पत्ती दिलेली आहे: ध्मानामुळे धमनी, सरण्यामुळे सिरा. ग्रीकांची वाटही हीच. त्यांचा ‘आर्तेरिया’ हा शब्द श्वासनलिकेलाही चाले. मृतदेहात धमन्या रिकाम्या दिसतात, आणि इ. स. पू. तिसऱ्या शतकातल्या एरासिस्ट्राटस या वैद्याचं म्हणणं होतं की त्यांत ‘न्यूमा’, म्हणजे प्राण, खेळतो. पुढे गेलन या वैद्याने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधून मधला भाग कापला. आत रक्तच होतं.

मराठीत शास्त्रीय लेखनाने ‘रोहिणी’ हा शब्द रुळवला. रोहित म्हणजे लाल. अर्थाने तो चोख. तरी हृदयशस्त्रक्रियेतली एक गुंतागुंत समजून घेताना मला ‘धमनी’च हवीशी वाटते, कारण तिथे खरोखरच हवा शिरते.

झडप बदलायला हृदयाची डावी बाजू उघडली की कप्प्यांत हवा जाते. ती पुरती निघाली नाही, तर हृदय पुन्हा चालू होताच बुडबुडा महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, येतो. रोगी उताणा असतो आणि हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या उजव्या हृद्‌रोहिणीचं तोंड पुढच्या, म्हणजे त्या वेळी वरच्या, अंगाला. हवा वर चढते, ती नेमकी तिथे शिरते. ईसीजीची रेघ उचलली जाते, उजवी जवनिका, म्हणजे हृदयाचा उजवा खालचा कप्पा, फुगून मंदावते. मग रक्तदाब वाढवून, हार्ट-लंग मशीन आणखी थोडा वेळ चालवून बुडबुडा पुढे ढकलतात; बहुधा हृदय सावरतं. तो मेंदूत गेला तर मात्र पक्षाघाताची भीती. म्हणून आधीच टेबलाची डोक्याकडची बाजू खाली करतात, भूलतज्ज्ञ फुप्फुसं फुगवतात, महारोहिणीत सुई ठेवून हवा काढतात. छातीत कार्बन डायऑक्साइडही सोडतात, कारण तो हवेपेक्षा जड आणि रक्तात लवकर विरघळणारा.

अशा अडथळ्याला परिभाषेत ‘अंतर्कीलन’ म्हणतात. कील म्हणजे खुंटी, पाचर. ग्रीक ‘एम्बोलोस’चा अर्थही तोच. शब्द बोजड आहे, पण वाहत्या रक्तात हवेची पाचर बसते हे त्यातून स्वच्छ कळतं. परिभाषा घडवणाऱ्यांना एवढीच विनंती: ‘रोहिणी’ शिकवा, पण जुन्या समजुतीवर उभी आहे म्हणून ‘धमनी’ला कोशातून घालवू नका.