चंपाषष्ठीचे पान : एरंडोल परिसरातील भरिताचे स्थान

एरंडोल हीच महाभारतातील एकचक्रा नगरी, असे स्थानिक परंपरा मानते. भीम व बकासुर यांची झुंज झाली ती जागा म्हणून जवळच्या पद्मालय येथील भीमकुंड दाखविले जाते. गाडाभर अन्न एकट्याने संपविणाऱ्या वीराची ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. या परिसरातील अन्नव्यवहाराचा इतिहास पाहावयाचा तर तो गाड्यावर नव्हे, पानावर पाहिला पाहिजे. आणि त्यासाठी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीचे, म्हणजे चंपाषष्ठीचे, पान विशेष उपयोगाचे आहे.

खंडोबाचे षड्‌रात्र मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस बसते आणि षष्ठीस उठते. चातुर्मासापासून वर्ज्य मानलेली वांगी व कांदा अनेक घरांत याच दिवशी प्रथम शिजतात. वांग्याचे भरीत, रोडगे व कांद्याची पात यांचा नैवेद्य होतो, तळी भरली जाते. हे महाराष्ट्रात अन्यत्रही घडते. खानदेशाचे वैशिष्ट्य पदार्थात आहे त्याहून अधिक त्याच्या मांडणीत आहे.

पानाला डावी व उजवी बाजू असावी ही कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भोजनविधी सांगताना फळे व कोरडे पदार्थ जेवणाऱ्याच्या उजवीकडे, द्रव पदार्थ डावीकडे आणि गुळाचे गोड पदार्थ समोर ठेवावेत असे सांगितले आहे. तेथे वर्गीकरणाचे तत्त्व कोरडे आणि पातळ हे आहे. मराठी पानाने दिशा ठेवल्या, तत्त्व मात्र बदलले. केळीच्या पानाचे अग्र डाव्या हातास, वर मध्यभागी मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या व आमटी, मध्ये भात. येथे डावे म्हणजे थोडे वाढावयाचे, तोंडी लावावयाचे. उजवे म्हणजे पुन्हा मागून घ्यावयाचे. या व्यवस्थेत भरीत डावीकडे, कोशिंबिरीच्या शेजारी, चमचाभर पडते. एरंडोल, जळगाव, यावल या पट्ट्यातील हिवाळी पानावर तेच भरीत मध्यभागी येते, आणि भाकरी वा पुरी त्याच्या सोयीने मांडली जाते. भाताची जागा भरिताने घेतली, असे म्हटले तरी चालेल.

शब्दांकडे पाहिले असता हा फरक अधिक स्पष्ट होतो. ‘भरीत’ हा शब्द ‘भरणे’ या धातूशी जोडण्याची लोकव्युत्पत्ती आहे. परंतु या पदार्थात भरले काहीच जात नाही. अमरकोशात सुळावर भाजलेल्या मांसास ‘भटित्र’ म्हटले आहे. भटित्र, भडित्त, भरीत ही परंपरा ध्वनिदृष्ट्या शक्य आहे आणि अर्थदृष्ट्या अधिक समाधानकारक आहे, कारण या पदार्थाचा प्राण भाजण्यात आहे. ‘कळणा’ शब्दाची गोष्ट याहून बोलकी आहे. प्रमाण मराठीत कळणा म्हणजे डाळीची चुरी. ‘कळणाकोंडा’ म्हटले की दारिद्र्याचे अन्न डोळ्यांपुढे येते. खानदेशात मात्र ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी भरिताबरोबर पाहुण्यास आग्रहाने वाढली जाते. एकच शब्द एका बोलीत हलाखीचा आणि दुसरीत सणाचा झाला आहे.

याचा अर्थ संपूर्ण पान प्राचीन आहे असा मात्र नाही. वांगे या देशाचे. हिरवी मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडातून आलेले, म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वीच्या भरितात ते असणे शक्य नव्हते. वांगी ज्या कपाशीच्या काड्यांवर भाजतात त्या काड्यांचा इतका सुकाळही नवा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, हिंदी कापसाचे भाव चढले आणि खानदेशात कपाशीची लागवड फोफावली. वेचणी संपत आली की शेतकऱ्यापुढे काड्यांचा ढीग उरतो. झटकन पेटणारा आणि वांग्याची साल करपवून गर शिजविणारा हा जाळ लँकेशायरच्या गिरण्यांच्या मागणीशी असा दूरान्वयाने बांधलेला आहे. जे चवीत ‘गावरान’ म्हणून वाखाणले जाते ते जागतिक व्यापाराचे अपत्य असावे, ही गोष्ट मौजेची खरी. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्यास भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याने वाणाचे रक्षण होईल; मांडणीचे होईल असे नाही.

ग्रियर्सनने १९०७ साली भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशी बोली भिल्ली भाषांच्या गटात घातली आणि ती मराठीची की गुजरातीची हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. पानाच्या बाबतीत असा वादही झाला नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघाले, कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली. अशा ग्रंथांतून मुंबई-पुण्याकडील मध्यमवर्गीय घरांची पद्धत सर्व महाराष्ट्राची म्हणून रूढ झाली. खानदेशी पान चुकीचे ठरले नाही, ते केवळ मोजले गेले नाही.

घरच्या पानाशेजारी शेतावरची पंगतही विचारात घेतली पाहिजे. तेथे भाजलेली वांगी सोलून लाकडी बडजीत मिरची-लसणासह ठेचली जातात आणि हे काम बहुधा पुरुष करतात. केळीच्या पानावर भरिताचा ढीग पडतो. डावे-उजवे तेथे राहत नाही. यावरून ही पंगत भेदरहित होती असा गोड समज करून घेणे योग्य नाही. ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द मराठीत उगाच रुळलेला नाही, आणि जातीच्या पंगती शेताच्या बांधापाशी थांबत नसत. पानावरील क्रम मोडला म्हणून पंक्तीतील क्रम मोडतो असे नव्हे. घरी मात्र चंपाषष्ठीस भरीत मध्यभागी मांडणारी बाई स्वतः सर्वांच्या शेवटी बसे, आणि तोवर वांग्याचा जाळ विझलेला असे.