पुस्तक कापून जंगल दाखवणारी कला: ‘ऑल्टर्ड बुक’ म्हणजे काय?

दसऱ्याला आपण पुस्तकांची पूजा करतो. पुस्तकाला पाय लागला तर हात आपोआप कपाळाकडे जातो. त्यामुळे कुणी पुस्तकावर कात्री चालवली की राग येणारच. ‘ऑल्टर्ड बुक’ या कलेत मात्र नेमकं हेच करतात. छापील पुस्तक कापून, रंगवून, त्यात फोटो चिकटवून नवी कलाकृती घडवतात.

यातलं सर्वांत गाजलेलं नाव लंडनच्या टॉम फिलिप्स यांचं. १९६६ मध्ये त्यांनी १८९२ सालची, कुणी वाचत नसलेली एक कादंबरी तीन पेनीला विकत घेतली. पानापानावरचे मोजके शब्द ठेवून बाकीचं रंगाने झाकलं. ‘अ ह्युमुमेंट’ हे काम पुढे तब्बल पन्नास वर्षं चाललं!

जंगलाशी याचा संबंध काय? दिल्लीचे चित्रपटकार अमर कंवर यांचं ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ पाहा. यात छापील पुस्तक कापलेलं नाही. हातकागदाची पुस्तकं खास बनवली आहेत आणि त्यांच्या पानांवर चलचित्र पडतं. सोबत ओडिशातल्या देशी भाताची २६६ वाणं मांडलेली होती. त्यातल्या ‘द सीन ऑफ क्राइम’ या फिल्ममध्ये दिसते ती उद्योगांसाठी जाणार असलेली जमीन. म्हणजे झाडाचं चित्र इथे शोभेचं नाही, पुरावा आहे. २०१२ मध्ये हे काम जर्मनीतल्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात आणि भुवनेश्वरमध्येही मांडलं गेलं.

रेवदंड्याच्या माणसाला हे परकं वाटू नये. साळावचा पूल ओलांडून मुरुडच्या वाटेला लागलं की फणसाड अभयारण्य येतं. शेकरूचं हे रान एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं जंगल होतं. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावर असंख्य झाडं पाडली. त्याआधी काढलेले साधे मोबाईल फोटोसुद्धा आता नोंद ठरतात.

करून पाहायचं असेल तर रद्दीतलं, वाळवी लागलेलं पुस्तक घ्या. दुर्मीळ प्रतीला हात लावू नका. अभयारण्यातून पानं, पिसं उचलून चिकटवायची नाहीत, वन्यजीव कायदा आड येतो. फोटो पुरेसे आहेत. खाऱ्या, दमट हवेत पानांना बुरशी लवकर धरते, म्हणून चिकटवलेलं पान पूर्ण वाळल्याशिवाय पुस्तक मिटू नका. पावसाळ्यात तर हे काम नकोच.