जेद्दाहचे तंबू : हाजींच्या विमानतळाचा इतिहास आणि थोडी वाट

हजला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काबा असतो. पण हिजाजच्या जमिनीवर त्याचं पहिलं पाऊल बहुतेक वेळा पडतं ते विमानतळावर. तवाफ कसा करायचा, सई कुठून सुरू करायची, मिनात किती रात्री काढायच्या, हे आपल्याकडच्या शिबिरांत नीट शिकवतात. विमानातून उतरल्यावर चार-सहा तास कुठे जाणार, कोण काय विचारणार, कशासाठी थांबवणार, यावर मात्र घाईघाईत दोन वाक्यं बोलली जातात. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या जोडप्यासाठी हा आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास असतो. आपल्या अनेक घरांत आता उर्दूपेक्षा मराठी वाचणारे जास्त आहेत. म्हणून जेद्दाहच्या या दरवाजाबद्दल मराठीत लिहावं असं वाटलं. आधी इतिहास सांगतो, कारण तो कळला की तिथली व्यवस्था आपोआप समजते.

सुरतेपासून कामरानपर्यंत

मुघल काळात सुरतेला ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणत. अकबराची आत्या गुलबदन बेगम राजघराण्यातल्या स्त्रियांना घेऊन 1576 मध्ये इथूनच जहाजात बसली. त्याआधी या शाही काफिल्याला सुरतेत बरेच महिने खोळंबून राहावं लागलं. समुद्रावर पोर्तुगिजांचा ताबा होता आणि त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना हातात असल्याशिवाय जहाज हाकारणं धोक्याचं होतं. बादशहाच्या आत्यालाही परवान्यासाठी थांबावं लागलं, ही गोष्ट आज व्हिसासाठी ताटकळणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे सुरतेचं बंदर मागे पडलं आणि मुंबई पुढे आली. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम मुंबईहून निघून 1864 च्या सुरुवातीला जेद्दाहला पोहोचल्या. त्यांनी आपल्या हजचं वर्णन लिहून ठेवलं. त्यात भक्तिभावाच्या जोडीला जकात, सामानाची झडती आणि तिथल्या अंमलदारांशी झालेली हुज्जत यांनाही भरपूर जागा आहे. राज्यकर्त्या बाईची ही अवस्था, तर साध्या माणसाचं काय होत असेल!

साध्या माणसाचं काय होत होतं, ते 1880 सालच्या एका घटनेवरून दिसतं. ‘जेद्दाह’ नावाचं जहाज जवळपास हजार यात्रेकरू घेऊन सिंगापूर-पेनांगकडून हिजाजला निघालं होतं. वाटेत वादळ झालं, जहाजात पाणी शिरू लागलं. कप्तान आणि त्याचे अधिकारी यात्रेकरूंना तसंच सोडून होडीतून निसटले आणि जहाज बुडालं असं त्यांनी एडनला जाऊन सांगितलं. पण जहाज बुडालं नव्हतं. लोकांनी स्वतः पाणी उपसून ते तरतं ठेवलं आणि दुसऱ्या एका जहाजाने ते ओढत एडनलाच आणलं. याच घटनेवरून जोसेफ कॉनराडला ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी सुचली. कादंबरीचा नायक पळून गेलेल्यांपैकी एक गोरा अधिकारी आहे. पाणी उपसणाऱ्या हाजींची नावं कोणाला माहीत नाहीत.

त्याआधी 1865 च्या हजमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली होती. हजारो माणसं दगावली आणि साथ युरोपपर्यंत गेली. 1866 मध्ये इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि तिथून हाजीकडे पाहायची नजरच बदलली. तो आता रोग घेऊन येणारा संशयित ठरला. 1882 मध्ये उस्मानी सरकारने तांबड्या समुद्रात, येमेनच्या किनाऱ्याजवळच्या कामरान बेटावर क्वारंटाईनचं ठाणं उभारलं. हिंदुस्थानाकडून येणारी जहाजं तिथे थांबवली जात. माणसं उतरवायची, कपडे-सामान वाफेने निर्जंतुक करायचं, दिवस मोजत बसवायचं. साथ खरी होती, त्यामुळे ठाणं निरर्थक होतं असं मी म्हणणार नाही. पण भर उन्हात, परक्या बेटावर, कोणी काही समजावून न सांगता बसवून ठेवलेल्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार त्या व्यवस्थेत फारसा नव्हता.

ब्रिटिश सरकारने 1886 मध्ये हाजींच्या वाहतुकीचं काम थॉमस कुक या प्रसिद्ध प्रवासी कंपनीकडे सोपवून पाहिलं. काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. मुंबईच्या हाजींच्या आठवणीत राहिली ती मुघल लाईन. 1877 मध्ये ‘बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी’ म्हणून सुरू झालेल्या या कंपनीची ‘इस्लामी’, ‘मुहम्मदी’, ‘अकबर’ अशा नावांची जहाजं कितीतरी घरांच्या बोलण्यात अजून येतात. गावाकडून आलेला हाजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचा, कागदपत्रं करायचा, मग बंदरावर जायचा. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या, त्याही याच काळातल्या. त्याच वर्षी हज कमिटीचा नवा कायदा झाला.

जहाजाला आठवडा-दीड आठवडा लागायचा. यलमलमच्या समोर आलं की मीकात आल्याची खूण व्हायची, एहराम बांधले जायचे आणि सगळ्या जहाजावर लब्बैकचा घोष उठायचा. जेद्दाहच्या बंदरात प्रवाळाचे खडक असल्याने पूर्वी मोठी जहाजं दूर नांगर टाकत आणि लोकांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेत. 1995 नंतर मुंबईहून जहाजाने हजला जाणं बंद झालं. आठवड्याचा सफर पाच तासांवर आला. पण जहाजावर हाजीला सोबत्यांची ओळख करून घ्यायला, मसाइल विचारायला, मन तयार करायला जो वेळ मिळायचा, तोही गेला. आता ती सगळी तयारी घरूनच करून निघावी लागते.

तंबू कोणी बांधले

विमानं वाढली तसं जेद्दाह शहरातलं जुनं विमानतळ अपुरं पडू लागलं. वर्षाच्या थोड्याच दिवसांत लाखो माणसं उतरणार आणि तितकीच परत जाणार, ही अडचण दुसऱ्या कुठल्या विमानतळापुढे या प्रमाणात नव्हती. शहराच्या उत्तरेला नवं किंग अब्दुलअझीझ विमानतळ बांधलं गेलं आणि 1981 मध्ये सुरू झालं. त्यात हाजींसाठी वेगळं टर्मिनल ठेवलं.

हे काम अमेरिकेतल्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेकडे होतं. वास्तुरचनाकार होते गॉर्डन बनशाफ्ट आणि अभियंता होते फझलूर रहमान खान. खान 1929 साली आजच्या बांगलादेशात जन्मले, कोलकात्याजवळच्या शिबपूरला आणि मग ढाक्यात शिकले. शिकागोतले जॉन हॅनकॉक सेंटर आणि सिअर्स टॉवर हे टोलेजंग मनोरे त्यांच्याच गणितावर उभे आहेत. आकाशाला भिडणाऱ्या इमारतींसाठी जगात नावाजलेल्या या माणसाने हाजींसाठी मात्र तंबू उभारले.

असे 210 तंबू आहेत. प्रत्येकाची बाजू 45 मीटर. कापड काचतंतूंचं, त्यावर टेफ्लॉनचा लेप. एकवीस तंबूंचा एक गट, असे दहा गट. एकूण छाया साधारण 42 हेक्टर, म्हणजे शंभर एकरांहून जास्त. पांढरं कापड बरंचसं ऊन परत फेकतं आणि मंद उजेड आत येऊ देतं. बाजू मोकळ्या आहेत आणि प्रत्येक तंबूच्या शेंड्याला उघडी कडी आहे. तापलेली हवा वर चढून त्या वाटेने निघून जाते आणि खालून वारा येत राहतो. एवढ्या जागेला वातानुकूलन करायचं तर विजेचा खर्च अफाट झाला असता. अरबांच्या तंबूतलं जुनं शहाणपण इथे नव्या कापडात आलं. 1983 मध्ये या इमारतीला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. पण खान तो पाहायला नव्हते. मार्च 1982 मध्ये जेद्दाहमध्येच हृदयविकाराने त्यांचं निधन झालं, वय अवघं 52.

या रचनेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. इतर विमानतळांवर प्रवासी थांबला की काहीतरी बिघडलं असं समजतात. इथे हाजी थांबणारच, हे धरून आराखडा केला होता. येताना 18 तासांपर्यंत आणि जाताना 36 तासांपर्यंत हजारो माणसं राहू शकतील, अशी सोय डोळ्यांसमोर होती. नमाजची जागा, वुजूची सोय, बसायला बाक, खायला-प्यायला दुकानं. कामरानवरही हाजी थांबत होता आणि इथेही थांबतो. तिथे त्याला अडवलेलं होतं, इथे त्याच्यासाठी सावली धरलेली आहे. दोन्हींत शंभर वर्षांचं अंतर आहे.

आता वाट

पहिली गोष्ट : तुमचं विमान आधी जेद्दाहला जातंय की मदिनेला, ते नक्की करा. मदिनेला आधी जाणाऱ्यांनी मुंबईत किंवा नागपुरात एहराम बांधायचा नसतो. ते मदिनेहून मक्केला निघताना जुल हुलैफाला बांधतात. थेट जेद्दाहला उतरणाऱ्यांनी एहरामचे कपडे विमानात चढण्यापूर्वीच घालावेत आणि मीकात जवळ आल्याची घोषणा झाली की नियत करावी. मीकात उतरण्याच्या थोडीच आधी येते. आयत्या वेळी विमानाच्या अरुंद संडासात कपडे बदलायला रांग लावण्यात अर्थ नाही. एहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत टाकून ती बॅग विमानाच्या पोटात पाठवू नका.

दुसरी : उमऱ्याला साध्या विमानाने जाणारे हज टर्मिनललाच उतरतील असं नाही. 2019 मध्ये औपचारिक उद्घाटन झालेलं टर्मिनल 1 ही वेगळी इमारत आहे. मक्का आणि मदिनेला जोडणाऱ्या हरमैन रेल्वेचं स्टेशन त्या टर्मिनलला लागून आहे. दोन टर्मिनलांमध्ये सामान घेऊन चालत जाण्याइतकं अंतर नाही, गाडी लागते. न्यायला कोणी नातेवाईक येणार असेल, तर तिकिटावर कोणतं टर्मिनल आहे ते त्यांना आधीच कळवा.

तिसरी : उतरल्यावर आधी बंदिस्त, थंड इमारत लागते. तिथे पासपोर्ट, बोटांचे ठसे, फोटो. मग सामान आणि कस्टम. पासपोर्ट, व्हिसाचा कागद, लस घेतल्याचं प्रमाणपत्र गळ्यातल्या पिशवीत ठेवा. मेंदूज्वराची लस सक्तीची आहे. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत हवीत. मेहंदीने किंवा शेतातल्या कामाने बोटं घासली असतील तर ठसे लवकर उमटत नाहीत. घाबरू नका, हात पुसून पुन्हा ठेवा.

चौथी : इमारतीतून बाहेर आलात की तंबू. इथून बस सुटतात आणि इथेच माणसं चुकतात, कारण सगळे तंबू सारखे आणि सगळे एहराम पांढरे. आपल्या गटापासून हलू नका. संडासला जायचं तर दोघांनी जा आणि परत यायची खूण आधी ठरवा. चुकामूक झालीच तर शोधत भटकू नका, आहात तिथेच थांबा आणि मनगटावरचा पट्टा किंवा गळ्यातलं ओळखपत्र कर्मचाऱ्याला दाखवा. भारतीय हज मिशनचे लोक टर्मिनलवर असतात. पाणी पीत राहा, तहान लागायची वाट पाहू नका.

पाचवी, परतीची : झमझमच्या बाटल्या कपड्यांत गुंडाळून बॅगेत कोंबू नका. तपासणीत त्या काढून टाकतात आणि बॅग उघडी पडते ती वेगळीच. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना झमझमचा पाच लिटरचा कॅन भारतात उतरल्यावर मिळतो.

घरात कोणी हजला निघालं असेल तर हा मजकूर त्यांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा, विशेषतः ज्यांना चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही त्यांना. आणि त्यांना हेही सांगा की तंबूखाली बस यायला दोन-चार तास लागले तर जीव घाबरा करू नका. ती जागा मुळात थांबण्यासाठीच बांधली आहे. तस्बीह हातात घ्या, पाय लांब करा आणि एकदा मान वर करून त्या कापडाकडे पाहा. आपल्याच उपखंडातल्या एका माणसाने ते तुमच्या डोक्यावर धरलं आहे. त्याच्यासाठीही एक दुआ करा.