डॉन पोमोदोरो : इटलीच्या घरगुती स्वयंपाकाचा इतिहास

धर्मग्रामाच्या महोत्सवी पुस्तिकेंत धर्मगुरूनें स्वयंपाकाविषयीं लिहावें, याचें कित्येक वाचकांस हसूं येईल. परंतु आशीर्वाद देण्यासाठीं आम्ही घरोघर जातों, तेव्हां उंबरठ्यावर आमचें पहिलें स्वागत चुलीवरच्या कालवणाचा वासच करीत असतो. ज्या चुलीनें आमचें इतकीं वर्षें स्वागत केलें, तिच्या इतिहासाकडे आम्हीं एकदां वळून पाहिलें, तर तें अगदींच अप्रस्तुत होणार नाहीं.

इटलीचें नांव निघतांच आपल्या मनासमोर रोम उभें राहतें. पण त्या देशाच्या घरगुती जेवणाचें नांव निघतांच टोमॅटो उभा राहतो. नवलाची गोष्ट ही कीं, हें फळ इटलीचें नव्हेच. तें अमेरिका खंडांतून स्पेनमार्गें तेथें गेलें. सिएना येथील वैद्य मात्तिओली यांनीं सन १५४४ मध्यें आपल्या ग्रंथांत त्याचा उल्लेख केला. आणि सन १५४८ मध्यें पिसा येथें मेदिची सरदारांच्या वाड्यांत टोमॅटोंची एक टोपली पोंचल्याची नोंद आहे. लोकांनीं त्यास ‘पोमोदोरो’, म्हणजे सोन्याचें फळ, असें गोड नांव दिलें. परंतु नांव गोड असलें तरी ताटांत स्थान मिळालें नाहीं. वैद्य त्यास अपथ्यकारक समजत, आणि पुष्कळ काळ तें बागेची शोभा म्हणूनच राहिलें.

नेपल्स शहर स्पेनच्या अमलाखालीं असतां तेथील अंतोनिओ लातिनी या खानसाम्यानें सन १६९२ ते १६९४ या काळांत आपला पाकग्रंथ छापला. त्यांत ‘स्पॅनिश पद्धतीची’ टोमॅटोची चटणी आढळते. टोमॅटो निखाऱ्यांवर भाजावे, साल काढून बारीक चिरावे, त्यांत कांदा, मिरची व थोडा सुवासिक पाला बारीक चिरून घालावा आणि मीठ, तेल व शिरका घालून कालवावें, अशी ती कृति आहे. वाचकभगिनींनो, ही चटणी आपणांस परकी वाटते काय? वाटूं नये, कारण तिच्यांतील मिरचीहि अमेरिकेचीच. पोर्तुगीजांनीं ती आपल्या किनाऱ्यावर आणली, आणि वसई त्यांच्या ताब्यांत सन १५३४ पासून सन १७३९ पर्यंत होती. आज मिरचीवांचून मसाला आपणांस सुचत नाहीं, तसें टोमॅटोवांचून इटलीच्या गृहिणीस सुचत नाहीं. दोघांच्या घरीं पाहुणा आला आणि दोघांकडेहि तो घरचाच होऊन राहिला.

तथापि लातिनी हा बड्यांच्या मेजवान्यांचा माणूस होता. सामान्य घराची चूल पुस्तकांत येण्यास आणखी दीड शतक लागलें. इप्पोलितो काव्हाल्कांती या नेपल्सच्या सरदारानें आपल्या पाकग्रंथास घरगुती स्वयंपाकाची पुरवणी जोडली, आणि ती विद्वानांच्या भाषेंत नव्हे तर नेपल्सच्या बोलींत लिहिली. सन १८३९ च्या आवृत्तींत बारीक शेवयांस टोमॅटो लावण्याची कृति आहे. घरची चव सांगावयास घरचीच बोली लागते, हें त्यानें ओळखलें असावें.

सन १८६१ मध्यें इटली एक राज्य झालें. पण प्रांतोप्रांतींचीं स्वयंपाकघरें एकमेकांस अनोळखीच होतीं. त्यांची ओळख करून दिली ती पेल्लेग्रिनो आर्तुसी या रेशमाच्या व्यापाऱ्यानें. सन १८९१ मध्यें, वयाच्या सत्तराव्या वर्षानंतर, त्यानें ४७५ कृतींचा ग्रंथ फ्लॉरेन्स येथें स्वखर्चानें छापला, कारण प्रकाशक मिळाला नाहीं. आपल्या जन्मगांवीं, फोर्लिंपोपोली येथें, धर्मादाय जत्रेसाठीं त्यानें दोन प्रती पाठविल्या. ज्यांस त्या मिळाल्या त्यांनीं थट्टा करून त्या तंबाखूवाल्यास विकावयास नेल्या! परंतु पुढें गृहिणी त्यास पत्रें लिहूं लागल्या, नव्या कृति कळवूं लागल्या, आणि सन १९११ मध्यें, त्याच्या मृत्यूच्या वर्षीं, कृतींची संख्या ७९० झाली होती.

टोमॅटोच्या रस्श्याची कृति देतांना आर्तुसी एका धर्मगुरूची गोष्ट सांगतो. तो प्रत्येक घराच्या कारभारांत नाक खुपशी. पण मनाचा प्रामाणिक होता व त्याच्या हातून वाइटापेक्षां बरेंच अधिक होई, म्हणून लोक त्यास चालवून घेत. मात्र त्यांनीं त्याचें नांव ठेविलें ‘डॉन पोमोदोरो’, कारण टोमॅटोहि असाच सगळ्यांत शिरतो. (इटलींत धर्मगुरूस आदरानें ‘डॉन’ म्हणतात.) मग कृति येते : पाव कांदा, लसणीची एक पाकळी, बोटभर सेलेरी, थोडी तुळशीच्या जातीची पानें व पार्सली बारीक चिरून, तेल, मीठ, मिरीं आणि सातआठ टोमॅटो एकत्र शिजवावे, दाटसर झाल्यावर चाळणींतून गाळावें.

हा ग्रंथ आर्तुसीनें एकट्यानें सिद्ध केला नाहीं. आचारी फ्रांचेस्को रुफ्फिल्ली व घरकाम पाहणारी मारिएत्ता साबातिनी यांनीं पदार्थ पुनःपुन्हां करून पाहिले. आर्तुसीनें एका गोड पावास मारिएत्ताचें नांव दिलें, आणि मृत्युपत्रान्वयें ग्रंथाचे हक्क या दोघांस ठेविले. ज्यांच्या हातांनीं कृति सिद्ध झाली त्यांस श्रेय व मोबदला दोन्ही मिळालीं. ही न्यायबुद्धि आम्हांस त्या ग्रंथाहूनहि मोठी वाटते.

आतां स्वतःची एक चूक सांगतों. आमच्या मातोश्री उन्हाळ्यांत मसाला कांडून बरण्या भरीत. त्याचें प्रमाण आम्हीं कधीं विचारलें नाहीं, आणि त्यांनींहि तें कधीं लिहिलें नाहीं. त्या गेल्यावर आमच्या भगिनीनें तीन वर्षें खटपट केली. रंग आला, तिखटपणा आला, पण तो वास आला नाहीं. आमच्या कपाटांत बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व मृत्यूच्या नोंदवह्या जपून ठेविलेल्या आहेत. मात्र जिच्या हातचें खाऊन धर्मग्राम वाढला, तिच्या हातची एकहि कृति त्यांत नाहीं.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक घरानें एक वही करावी. आजीनें सांगावें, नातीनें लिहावें. बोली घरचीच ठेवावी, माप मुठीचें असेल तर मूठच लिहावी, आणि शेवटीं आजीचें नांव घालावें. पुढील भेटीस आलों म्हणजे ती वही आम्ही मागून पाहूं. त्यावरून कोणीं आम्हांस डॉन पोमोदोरो म्हटलें, तरी आमची हरकत नाहीं.