चेंडू, पलटण आणि पेठ

मुंबईहून निघालेला हमरस्ता पनवेल ओलांडून पळस्प्याला आला की त्याला दोन वाटा फुटतात. एक खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्यास आणि पुढे साताऱ्यावरून कोल्हापुरास जाते. दुसरी पेण, महाड, चिपळूण करीत सावंतवाडीवरून गोव्यात उतरते. या फाट्यावर गाडीची वाट पाहण्यात माझ्या आयुष्याचा बराच काळ गेला आहे. परंतु या दोन्ही वाटांच्या शेवटाला फुटबॉलचे वेड लागलेली माणसे राहतात आणि ज्या मुंबईहून त्या येतात तीही एकेकाळी याच वेडाने झपाटली होती, ही गोष्ट मला अगदी अलीकडे सुचली. त्याला निमित्त झाले गावातल्या पोरांचे.

आमच्या इकडच्या एका क्रीडा मंडळाची पोरे एके दिवशी घरी आली. "काका, मंडळाचा इतिहास लिहून द्या, अहवालात छापायचा आहे." म्हटले, कागदपत्रे आणा. त्यांनी एक पावतीपुस्तक, दोन ढाली, बक्षीस समारंभाचे पाण्याने डागाळलेले छायाचित्र आणि व्हॉलीबॉलची एक जुनी जाळी आणून पुढ्यात ठेवली. मंडळ फुटबॉलही खेळत असे. पण त्याची खूण म्हणून कोणी काही जपले नव्हते. या सामग्रीवर इतिहास काय लिहावा? मंडळ कोणी काढले हे सांगणारे चारजण भेटले आणि चौघांनी चार नावे सांगितली. तेव्हा मनात आले की, मंडळ केव्हा निघाले याहून ते कशाच्या आधारावर उभे राहते हे पाहावे. लहान मंडळाचे कोडे मोठ्यांच्या चरित्रातून उलगडते का, ते पाहू.

मुंबई हे मुळात बेटच. तेथे फुटबॉल उतरला तो गोऱ्या पलटणींच्या सामानातून. सिमल्यास १८८८ मध्ये ड्युरँड चषक सुरू झाला, मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक आणि कलकत्त्यास १८९३ मध्ये आय. एफ. ए. शील्ड. रोव्हर्सचा पहिला मान वूस्टरशायर पलटणीने मिळविला आणि त्यानंतर कित्येक वर्षे तो पलटणींतच फिरत राहिला. आपण लोक दोरीच्या बाहेर उभे राहून पाहणारे. मोहन बागानने १९११ साली अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायरला हरवून शील्ड जिंकले, तेव्हा कलकत्त्यात केवढा जल्लोष झाला हे सर्वश्रुत आहे. मुंबईला मात्र थांबावे लागले. १९२३ मध्ये तोच मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत आला आणि डरहॅम पलटणीकडून हरला. हा चषक हिंदी संघाच्या हाती प्रथम पडला तो १९३७ साली, आणि तोही बंगळूरच्या मुस्लिम संघाच्या. म्हणजे स्पर्धा सुरू झाल्यावर तब्बल सेहेचाळीस वर्षांनी! स्वातंत्र्यानंतर हैदराबादच्या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे तो आपल्याकडे ठेवला.

मग मुंबईचे स्वतःचे असे काय होते? पलटणी गेल्या आणि त्यांची जागा कचेऱ्यांनी व गिरण्यांनी घेतली. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, महिंद्र अशी नावे कूपरेजच्या मैदानावर गाजू लागली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविणारा नेव्हिल डिसूझा हा या टाटांच्या संघाचा. त्या सामन्यात भारत ४-२ असा जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. फुटबॉलपटूला नोकरी मिळे, दुपारनंतर सरावाला सुटी मिळे आणि महिन्याच्या महिन्याला पगार. गरिबाच्या मुलाला याहून काय हवे? या व्यवस्थेला मी नावे ठेवणार नाही. तिने अनेकांचे संसार उभे केले. पण तिची दोरी खेळाच्या हाती कधीच नव्हती. महिंद्रांचा संघ १९६२ मध्ये निघाला, २००६ मध्ये त्याने राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो बंद झाला. विजेतेपदानंतर अवघ्या चार वर्षांनी! रोव्हर्स चषक त्याआधीच, नव्या शतकाच्या तोंडाशी, थांबला होता. शंभरी ओलांडलेली स्पर्धा गेली आणि शहराने साधा उसासाही टाकला नाही.

आता घाट चढून कोल्हापुरास जाऊ. तेथे मैदानावर चौकशी केली तर कंपनीचे नाव ऐकू येत नाही. ऐकू येते ते तालमीचे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तेथल्या फुटबॉल संघांची नावे. परक्या माणसाला वाटावे की ही कुस्तीच्या फडाची यादी आहे. त्याचे काही चुकत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधून मल्लांना जे मानाचे स्थान दिले, त्यातून पेठापेठांच्या तालमींना बळ आले. तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा आणि कोनाड्यातला मारुती एवढेच नव्हे. पेठेचा गणपती तेथे बसतो, कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात, भांडणे तेथे मिटतात आणि खरे सांगायचे तर काही तेथेच पेटतात. पेठेतल्या पोराला घरानंतर ओळखीचा उंबरा तो तालमीचा. फुटबॉल आला तेव्हा त्याला नवे घर बांधावे लागले नाही. हौद्यातले पाय चेंडूमागे धावू लागले, इतकेच. पेठेपेठेत जी चुरस कुस्तीत होती, ती जशीच्या तशी गोलखांबांकडे वळली.

म्हणून शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस पडतात. हजारो माणसे येतात, घोषणा होतात, आणि ईर्षा इतकी की पोलिसांचा बंदोबस्त ठेवावा लागतो. दगडफेकीचे प्रकारही झाले आहेत. ते झाकण्यात अर्थ नाही. पेठेचे प्रेम आंधळे असते आणि अलीकडे परदेशी खेळाडू आणण्यापर्यंत मंडळांची मजल गेल्यामुळे खर्चही आंधळा होऊ लागला आहे. तरीसुद्धा मुंबईच्या कोणत्याही कंपनी-संघाला लाभली नाही अशी एक गोष्ट या मंडळांपाशी आहे. ती बंद कोण करणार? पेठ बंद करता येत नाही. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या स्पर्धेचे काही सामने नेरूळला, म्हणजे पळस्प्यापासून हाकेच्या अंतरावर झाले. भारताचे मात्र दिल्लीस.

दुसरी वाट गोव्याची. १८८३ साली शिवोली येथे विल्यम लायन्स नावाच्या पाद्र्याने मुलांच्या हाती हा खेळ दिला असे तेथे सांगतात. चर्चपुढचे पटांगण आणि वाड्यावाड्यांच्या स्पर्धा यांवर तो वाढला. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गोव्यातल्या एकेका गावाची 'कूड' असे. गावचा माणूस दर्यावर नोकरीला जाण्याआधी तेथे उतरे. या कुडींना लोक क्लबच म्हणत. गाव सोडून शेकडो मैल गेले तरी क्लब गावाचा! पुढे खाणमालकांनी तेथेही मोठे संघ पोसले. साळगावकर आणि धेंपो यांनी देशभर नाव काढले. धेंपोने तर राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळविले. २०१६ मध्ये या दोघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. पण वाड्यावरची स्पर्धा कोणी काढून घेऊ शकले नाही.

राहिला व्हॉलीबॉल. त्याचा जन्मच मुळी दमलेल्या माणसांसाठी झाला. १८९५ साली अमेरिकेत होल्योक गावी विल्यम मॉर्गन या व्यायामशिक्षकाने, ज्यांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नाही अशा पोक्त गृहस्थांसाठी तो काढला. वाय. एम. सी. ए. मार्फत तो आपल्याकडे आला आणि खेड्यांनी तो बघता बघता आपलासा केला. कारण उघड आहे: दोन वासे, एक जाळी, एक चेंडू आणि अंगणाएवढी जागा. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले ते सर्वांना पाठ आहे. त्याच स्पर्धेत व्हॉलीबॉलचे रौप्यपदक मिळाले होते, ते कोणाच्या स्मरणात नाही. आमच्या पोरांनी फुटबॉल का सोडला आणि जाळी का ठेवली, याचे उत्तर मला येथे सापडले. फुटबॉलला शेत लागते. व्हॉलीबॉलला खळे पुरते.

आणि शेतांचे काय झाले? भात कापून झाले की आमच्याकडे शेतांची मैदाने होत. बांध चुकवीत चेंडू मारायचा, ढेकळांनी पाय सोलायचे. मालक ओरडे, पण तोच संध्याकाळी बांधावर येऊन बसे. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी पनवेल, उरण आणि ठाणे भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे काम सुरू झाले. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात त्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी मारले गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. मोबदल्याच्या हिशेबात शेत होते, घर होते, झाडही होते. पण जे मैदान कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हते, वर्षातले चार-सहा महिनेच मैदान असे आणि बाकीचे भाताचे वाफे, त्याचा मोबदला कोणी मागायचा? मंडळाने मागावा, तर मंडळाकडे पावतीपुस्तक तेवढे होते.

पोरांना मी हे सारे वाचून दाखविले. कोल्हापूर त्यांना आवडले, मुंबईपाशी ती गप्प झाली. मग त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, हे सगळं ठीक आहे, पण अहवालात आमच्या मंडळाचं काय?" मी ढालींवरची साले उतरवून घेतली आणि त्या चौघा वृद्धांनी सांगितलेली चारही नावे ओळीने लिहून दिली. यंदा दिवाळीच्या सामन्यांसाठी ज्या खळ्यात ते वासे रोवीत, त्याच्या कडेने मोजणीचे दगड पडले आहेत. मालकाला विचारायला उद्या सकाळी सगळे मिळून जाणार आहेत. मलाही बोलावले आहे.